न वाचलेला परिच्छेद

कामाला बसण्याआधी मी हातातल्या काचेच्या बांगड्या काढून ठेवायची. खोली कसली, हैदराबादेत कोठीच्या बाजारामागे एका जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर, भिंतींना रजया ठोकलेली कपाटाएवढी जागा. आत पंखा नाही, कारण पंखा टेपवर ऐकू येतो. समोर माईक, पुस्तक टेकवायला उतरता लाकडी ठोकळा आणि काचेपलीकडे आमचा ध्वनिमुद्रक यादगिरी. अंध माणसांसाठी पुस्तकं वाचून कॅसेटवर उतरवणाऱ्या एका छोट्या संस्थेत मी बावीस वर्षं वाचक होते. हुद्दाच तो. नात्यातलं कोणी विचारायचं, "काय करतेस?" मी म्हणायची, "वाचते." "ते ठीक आहे गं, पण नोकरी काय?"

वाचणं ही नोकरी असते हे लोकांना पटत नाही, कारण वाचायला सगळ्यांनाच येतं. पण वाक्य संपायच्या आत पानाचा कोपरा आवाज न करता उचलायचा, गिळताना माईककडून तोंड वळवायचं, सकाळी हरभरे खायचे नाहीत कारण पोट बोलतं, हे शिकायला मला दोन वर्षं लागली. देगलूरकडच्या शेतकऱ्याची मी मुलगी, लग्न होऊन हैदराबादला आले. हिंदी मी शाळेत शिकले होते आणि उर्दूचे उच्चार इथल्या गल्लीने शिकवले. इंग्रजी आणि हिंदी पुस्तकं माझ्याकडे असत. मराठीचे सभासद तिघंच होते आणि तिघांचंही एकमेकांशी पटत नव्हतं.

आमचे ऐकणारे फार कडक. रेल्वेतून निवृत्त झालेले एक गार्डसाहेब कॅसेट परत करताना सोबत चिठ्ठी लिहवून घ्यायचे, 'सहाव्या प्रकरणात वाचकबाईंना सर्दी होती, पुन्हा वाचावे.' सिकंदराबादच्या एका बाईंनी मला फोनवर विचारलं, "तुम्ही डावीकडची दाढ काढलीत का हो?" मी आदल्याच आठवड्यात काढली होती. डोळस माणूस पुस्तक वाचतो, ही माणसं वाचणाऱ्यालाही वाचत असत. तेव्हा त्याचा मला अभिमान वाटायचा. पुढे थोडी भीती वाटू लागली.

भीतीवरून आठवलं. आमची मूळ मुद्रणं मोठ्या फिरक्यांवर असत. टेप वेढ्यावर वेढा गुंडाळलेली असते आणि एका वेढ्याचा आवाज शेजारच्या वेढ्यावर किंचित उमटतो. त्यामुळे महिनाभराने तीच फिरकी हेडफोन लावून ऐकली, तर मी वाक्य बोलण्याच्या क्षणभर आधी तेच वाक्य खूप लांबून कुजबुजल्यासारखं ऐकू येतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हेडफोन फेकून दिला होता. यादगिरी हसला. "डरना नक्को अम्मा, टेप की आदत है." सवय असो नाहीतर आणखी काही, स्वतःचा आवाज स्वतःच्या आधी बोलताना ऐकणं चांगलं नाही.

नोकरीत रुजू झाले तेव्हा आमच्या संचालकबाईंनी एकच नियम सांगितला होता. पुस्तकात नाही ते वाचायचं नाही, आहे ते सोडायचं नाही. ऐकणाऱ्याला पान पाहून खात्री करता येत नाही, म्हणून ही चोरी सगळ्यात सोपी आणि सगळ्यात वाईट. तो नियम मी एकदा मोडला, त्याची ही हकिकत.

देशाचा बाजार जगाला खुला झाल्यावरची ती वर्षं. गच्च्यांवर केबलच्या छत्र्या उगवल्या होत्या, प्रत्येक घरातलं कोणी ना कोणी संगणकाच्या क्लासला जात होतं आणि जो तो आम्हाला विचारत होता, आता कॅसेट कोण ऐकणार? अमेरिकेत सॉफ्टवेअरमध्ये गेलेल्या इथल्याच एका मुलाने आईच्या आठवणीखातर आम्हाला इंग्रजी पुस्तकांची पेटी पाठवली. तिच्यात एक कादंबरी होती. काबूलहून पळून अमेरिकेत गेलेल्या एका कुटुंबाची, आणि त्यातल्या पलवशा नावाच्या मुलीच्या मोठं होण्याची. लेखिका स्वतः तशीच गेलेली. आम्ही प्रकाशकाला पत्र घालून परवानगी घेतली आणि विद्यानगरच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी तिचं हिंदी भाषांतर वह्यांमध्ये करून दिलं. छापलेलं नव्हे, हाताने लिहिलेलं, फक्त आमच्यासाठी.

पुस्तक मला फार आवडलं. पलवशाचे वडील काबूलला शिकवत, अमेरिकेत भांडी घासतात. आई-वडिलांना इंग्रजी येत नाही, म्हणून दवाखान्यात, सरकारी कचेरीत, घरमालकासमोर दहा वर्षांची पलवशा बोलते. सगळ्यांसाठी बोलता बोलता तिला स्वतःचं काही बोलायचं उरत नाही. आणि सगळ्याच्या तळाशी एक गोष्ट असते. पळून येताना डोंगरात आजीचा पाय मोडला आणि तिला एका मेंढपाळाच्या घरी ठेवून हे पुढे गेले. 'आजी मागून येतेय,' असं पलवशाला सांगितलं गेलं. आजी कधीच आली नाही.

'आजी झोपली होती आणि ते निघाले,' या वाक्यानंतर त्या निरोपाचा एक परिच्छेद होता. पहाटे सगळे निघतात तेव्हा आजी झोपलेली आहे असं त्यांना वाटतं, पण ती जागी असते. पायरव होऊ नये म्हणून मुलगा जोडे हातात घेऊन बाहेर पडतो. सून दिवा विझवत नाही, नुसती वात खाली करते. उंबऱ्यावरून पलवशा परत फिरते आणि आपला हात आजीच्या हातात सरकवते. आजी बोटं मिटत नाही. मिटली तर पोर निघणार नाही, हे तिला माहीत असतं.

हा परिच्छेद मी मोठ्याने वाचला नाही.

त्याच वर्षी माझी आई गेली होती. ती जाण्याच्या आदल्या महिन्यात मी गावी गेले होते. पहाटेच्या गाडीला निघताना आई भिंतीकडे तोंड करून झोपली होती. दुखणाईत बाई, कशाला उठवायची, म्हणून मी पिशवी उचलली आणि निघाले. वहीतल्या त्या ओळींवरून नजर फिरली आणि माझ्या मनात आलं, आई झोपली होती का? मी एक श्वास घेतला, पान उलटलं आणि पुढचं वाक्य वाचलं, जिथे विमान अमेरिकेत उतरतं. यादगिरीसमोर वही नसायची. त्याला काही कळलं नाही. कोणालाच कळणार नव्हतं.

कॅसेट लोकांकडे गेल्या. अडीच-तीन महिन्यांनी अकराव्या कॅसेटची एक प्रत परत आली ती तपासताना यादगिरीने मला हाक मारली. त्या कॅसेटची दुसरी बाजू कोरी होती. तिच्यावर कोणीतरी बोललं होतं.

म्हाताऱ्या बाईचा आवाज. भाषा उर्दू, पण इथली नव्हे, शब्दांवर भलतीकडे जोर पडलेला. तिचं म्हणणं मराठीत देते.

"बेटी, पुस्तक चांगलं आहे. पोरीचं दुःख खरं आहे. आम्ही लोक परक्या गावात असेच मुके होतो. पण एका जागी तू वाचलंस की म्हातारी झोपली होती आणि ते निघाले. मग तू श्वास घेतलास. मग एकदम अमेरिका. मधे काहीतरी आहे, ते तू सोडलंस. म्हातारी झोपली नव्हती. मुलाने जोडे हातात घेतले होते. सुनेने वात खाली केली, तेलाचा वास आला. पोरगी दारातून परत आली. मी मेल्यासारखी पडून राहिले. हे तू का वाचलं नाहीस?"

भर दुपार होती. खाली बाजारात रिक्षांचे भोंगे वाजत होते, भाजीवाली ओरडत होती. मी टेप मागे घेऊन पुन्हा ऐकली.

यादगिरीने विचारलं, "अम्मा, छोडे क्या आप?"

"हौ," मी म्हणाले.

"एक बार भी पढ़े क्या? बाद में मिटाए क्या?" त्याला वाटलं, पुसलेला आवाज टेपवर कुठेतरी राहिला असेल. अंधांचे कान काय काय पकडतात ते आम्हाला ठाऊक होतं. पण मी ते तोंडातून काढलंच नव्हतं. तरी त्याने मूळ फिरकी चढवली आणि आवाज पूर्ण वाढवला. माझा श्वास आला, वादळासारखा. मग शांतता. मग त्या शांततेत, फार लांबून, मीच 'अमेरिका' म्हणाले, आणि क्षणभराने खरोखर म्हणाले. बाकी काही नव्हतं.

भाषांतराची वही आमच्या कुलूपबंद कपाटात होती. इंग्रजी पुस्तकही तिथेच. प्राध्यापकांना विचारलं, त्यांनी ते कोणाला दाखवलं नव्हतं.

नोंदवहीत ती कॅसेट करीम खान नावाच्या सुक्या मेव्याच्या व्यापाऱ्याच्या नावावर होती. नामपल्ली स्टेशनच्या मागे दुकान, वर घर. दुसऱ्या दिवशी मी गेले. करीमभाईंचे आजोबा अफगाणिस्तानातून इथे आलेले, ते स्वतः पक्के हैदराबादी. म्हणाले, "बीबीजान हमारे रिश्ते की नहीं जी. दादा के गाँव की है. लड़ाई में सब छूट गए, पेशावर से दिल्ली आई, दिल्ली से इधर. आँखां इधर आने के बाद गए." मी विचारलं, घरात इंग्रजी कादंबऱ्या कोणी वाचतं का? त्यांनी हसून दुकानातल्या हिशेबाच्या वहीकडे बोट दाखवलं. "हम लोगां येइच पढ़ते."

वरची खोली लांबट होती. एका भिंतीला हिंगाची पोती रचलेली, वास कपड्यांत शिरेल इतका दाट. खिडकीपाशी गादीवर एक उंचपुरी, पांढऱ्या ओढणीतली बाई ताठ बसली होती. मी दारात उभी राहिले, तोंडातून शब्दही काढला नाही.

"आ गईं आप," ती म्हणाली. "वही साँस."

मी तिथेच खाली बसले आणि तिची माफी मागितली. आईचंही सांगितलं. ती ऐकत होती, पण तिचं तोंड माझ्याकडे नव्हतं, माझ्या मागच्या दाराकडे होतं. मग म्हणाली, "वाच आता." वही मी सोबत नेली होती. तिच्यासमोर मी तो परिच्छेद पहिल्यांदा मोठ्याने वाचला. हात सरकवला तिथे आल्यावर तिने मान हलवली.

"हाथ नहीं. पोरीने हात नाही दिला. ती वाकली आणि कान माझ्या नाकाशी लावला. श्वास चालू आहे का बघायला. मी श्वास रोखून धरला. फार वेळ. ती गेली, पायरी उतरली, तोवर रोखला." मग म्हणाली, "तिला वाटतं मी मेले. बरं झालं. मेलेल्या माणसाची कोणी वाट बघत नाही."

"पण बीबीजान, पुस्तक लिहिणारी जिवंत आहे. तिचा पत्ता मिळेल. लिहू का?"

"नको. तिने पुस्तकात मला पुरलंय. उकरू नको." आणि परिच्छेदाबद्दल म्हणाली, "किताब में जो है, वही पढ़ो. हाथ ही पढ़ो. सच मेरे पास रहने दो."

आम्ही ती कॅसेट पुन्हा मुद्रित केली, पुस्तकात होतं तसं. संचालकबाईंपुढे मी चूक कबूल केली. त्या रागावल्या नाहीत, फक्त माझ्याकडे बघत राहिल्या, ते जास्त लागलं.

इतक्यावर थांबायला हवं होतं. मला राहवलं नाही. एखाद्या बाईची नात जगात कुठेतरी आहे, पत्ता आपल्या टेबलावर आहे आणि आपण गप्प बसायचं? महिनाभर मी तगमग केली आणि प्रकाशकामार्फत लेखिकेला पत्र लिहिलं. नाव घातलं नाही. एवढंच लिहिलं, की आमच्या एका वृद्ध श्रोतीच्या मते त्या पहाटे मुलीने हात दिला नव्हता, कान आजीच्या नाकाशी नेला होता. ती असं का म्हणते, आपण सांगू शकाल का?

उत्तर यायला दोन महिने लागले. चार ओळी होत्या, पेन कागदात रुतलेलं.

'हे मी कोणालाही सांगितलेलं नाही. आईलाही नाही. श्वास नव्हता. मी दहा वर्षांची होते आणि आजी मेली हे मला एकटीला माहीत होतं, म्हणून 'मागून येतेय' असं सगळे म्हणत तेव्हा मी गप्प बसायची. लिहिताना धीर झाला नाही, म्हणून हात लिहिला. तुमची श्रोती कोण आहे? मी तिला भेटायला येऊ का?'

पत्र घेऊन मी बीबीजानकडे गेले. तिने नको म्हटलं असताना लेखिकेला लिहिल्याचं आधी सांगितलं. ती रागावेल असं वाटलं होतं. तिने एकच विचारलं, "कानाचं तिने स्वतः लिहिलंय?"

"हो."

"तर येऊ दे."

लेखिका जानेवारीत आली. नामपल्लीच्या मैदानात वार्षिक प्रदर्शनाची गर्दी चालू होती, रिक्षा तासभर अडकली. तिशीच्या आतली, आखूड केसांची, हसताना घाबरल्यासारखी दिसणारी मुलगी. जिन्यावर तिने माझा दंड धरला, इतका घट्ट की चार दिवस वळ राहिले.

दोघी त्यांच्या भाषेत बोलल्या, मला कळलं नाही. जे पाहिलं तेवढं सांगते. मुलगी गादीपाशी गुडघ्यांवर बसली. बीबीजानने तिचा चेहरा हातांनी पाहिला. कपाळ, भुवया, नाक. हात कानांवर आले आणि दोन्ही पाळ्यांवर थांबले. बराच वेळ तिथेच होते. मुलगीही टक लावून बघत होती, म्हातारीच्या डोळ्यांकडे नव्हे, हनुवटीकडे. खोलीत इतकी शांतता झाली की मला आमच्या रजयांच्या खोलीत बसल्यासारखं वाटलं. मग बीबीजानने तिला छातीशी ओढलं आणि दोघी रडल्या. करीमभाई दारात उभे राहून डोळे पुसत होते. मीही रडले. मनात म्हटलं, सुमन, आयुष्यात एक काम केलंस.

मुलगी तीन दिवस तिथेच राहिली. चौथ्या दिवशी सकाळी मी तिला विमानतळावर सोडायला गेले. बेगमपेठेपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. मग इंग्रजीत म्हणाली, "ती माझी आजी नाही."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"माझ्या आजीच्या हनुवटीवर तीन हिरवे ठिपके गोंदलेले होते. लहानपणी मी ते बोटाने मोजायची. या बाईच्या हनुवटीवर काही नाही. आणि आजी ठेंगणी होती." तिने डोळे मिटले. "पण तिने सगळं सांगितलं. जोडे, वात, माझा कान. तिला कसं माहीत, ते मला कळत नाही. तिला सांगू नका. तिला नात मिळाली आहे."

परत येताना मी सरळ नामपल्लीला गेले. बीबीजान खिडकीपाशी तशीच ताठ बसली होती. मी दारात पोचले तशी म्हणाली, "गेली?"

"गेली."

"चांगली पोर आहे. आमची नाही."

मी आत येऊन गादीच्या कडेला बसले.

"माझ्या नातीच्या डाव्या कानाची पाळी फाटलेली होती. लहान असताना बाळीत बोट घालून ओढली होती तिने. शिवलेली नव्हती, दोन तुकडे लोंबायचे. या पोरीचे दोन्ही कान अखंड आहेत." तिने ओढणी नीट केली. "पण माझ्या नाकाशी कुठलाही कान आला असता तरी मी श्वास रोखलाच असता. तिला काही सांगू नकोस. बिचारी इतक्या लांबून आजीसाठी आली होती."

त्या डोंगरातून त्या वर्षांत हजारो माणसं गेली असतील. वाटेत म्हातारी माणसं मागे राहिली असतील, त्यांना वाऱ्यावर सोडताना मुलांनी जोडे हातात घेतले असतील, हे सगळं मी स्वतःला समजावते. दोन आज्यांनी दोन घरांत एकसारखा श्वास रोखला, इथवरही समजूत पोचते. पण मी न वाचलेल्या चार ओळी त्यांच्यातल्या एकीला माझ्या एका श्वासातून कशा ऐकू आल्या, तिथे समजूत संपते. यादगिरीने बरेच तर्क केले. शेवटी तोही म्हणाला, "छोड़ो अम्मा."

दोघींचंही मी ऐकलं. एकीचं दुसरीला सांगितलं नाही. मुलीची इंग्रजी पत्रं आमच्या कचेरीच्या पत्त्यावर येऊ लागली, 'प्रिय बीबीजान' अशी सुरुवात असलेली. मी ती नामपल्लीला नेऊन उर्दूत वाचून दाखवायची आणि बीबीजान सांगेल ते उत्तर लिहायची. त्यात ती पोरीला रागवायची, थंडीत डोकं झाकायला सांगायची, लग्न कधी करणार म्हणून विचारायची. सही करण्याआधी दर वेळी क्षणभर थांबायची आणि मग म्हणायची, "लिख, तेरी दादी." मी लिहायची. असं दीड वर्ष चाललं, मग एका सकाळी करीमभाईंचा फोन आला.

त्या मुलीला ते कळवणारं पत्र मी लिहिलं. 'तुमची आजी काल सकाळी गेली,' असं. ते वाक्य खरं होतं की खोटं, हे मला तेव्हा ठरवता आलं नाही, पण पुसावंसंही वाटलं नाही.